दर पाचवं नाव

माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणापासून लोक त्याचं कौतुक करत आले. त्याचा मी कधी गैरवापर केला नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दोनदा केला. दोन्ही वेळा शाळेचा हजेरीपट नव्याने उतरवून काढताना. आता माझी पंचावन्नी उलटली, तरी कुणी अक्षराची तारीफ केली की मला तो हजेरीपट दिसतो आणि मी विषय बदलतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी काशीत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. शाळा म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि एक पडवी. वर्ग पाच, शिक्षक तीन. त्यातल्या बहनजी बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे उरलो हेडमास्तर आणि मी. हेडमास्तरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती दोन्ही वर्षं त्यांना पान तोंडात असताना काढायची होती. बोलायचं झालं तर ते हनुवटी वर करून बोलत, त्यामुळे प्रत्येक वाक्य आकाशाला उद्देशून असल्यासारखं वाटे. मुलं आम्हाला ‘मास्साब’ म्हणत. हेडमास्तर मला ‘पंडितजी’ म्हणत, कारण मी दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी वैदिकांच्या घरातला. बोलणं सगळं बनारसी हिंदीत; इथे बहुतेक मराठीत लिहितो आहे.

घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझ्या गुन्ह्याची पद्धत घरून आली. माझे वडील, अप्पा, दशग्रंथी. त्यांनी एकही ऋचा कागदावरून पाठ केली नव्हती. आमच्याकडे शिकवण्याच्या या रीतीला संथा म्हणतात: गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने ते दोनदा म्हणायचं, स्वर चढला की मान वर, उतरला की खाली. पोथीत बघून म्हणणारा आमच्या घरी कच्चा समजला जाई. मी त्याहून कच्चा निघालो. माझा दम पुरत नसे, स्वर हलत असे. सोळाव्या वर्षी अप्पांनी माझी संथा बंद केली. रागावले नाहीत. “तू इंग्रजी शीक,” एवढंच म्हणाले. आमच्या घरात यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती.

तर असा मी सरकारी मास्तर झालो आणि माझ्यापुढे चौथीची बत्तीस मुलं टाटपट्टीवर येऊन बसली. नावाड्यांची, हलवायांची, विणकरांची, फुलवाल्यांची. पुस्तकं निम्म्यांकडे. फळा असा गुळगुळीत की त्यावर खडू उमटण्याऐवजी घसरायचा. मी काय केलं? मला जे येत होतं ते केलं. हिंदीच्या पुस्तकातला पहिला धडा काढला आणि संथा द्यायला लागलो. मी एक ओळ म्हणायची, मुलांनी दोनदा. मान वर, मान खाली. दिवाळीपर्यंत मुलांचं अर्धं पुस्तक तोंडपाठ झालं, आणि कुठल्या शब्दाला पान उलटायचं हेसुद्धा पाठ झालं, कारण तेही मी संथेतच सांगत असे.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई दशाश्वमेधावर फुलं आणि दिवे विकायची. पाचवी झाली की मुलीने दुसरी टोपली घ्यायची, हे ठरलेलं होतं. आईने मला तसं चौथीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. “दोन साल आपके पास हैं मास्साब, पढ़ा दीजिए.” मुलगी विलक्षण होती. एकदा ऐकलं की झालं. मला जी स्मरणशक्ती मिळायला हवी होती ती चुकून फुलवालीच्या घरी गेली, असं मला वाटे, आणि तसं वाटल्याबद्दल लाजही वाटे. तिचा मधमाशीचा धडा ऐकायला हेडमास्तर शेजारच्या दुकानदारांना बोलवून आणत.

एकदा ती तो धडा वाचत असताना मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. पुस्तक उलटं होतं.

मी ते सुलटं करून तिच्या हातात दिलं. ती न थांबता पुढे म्हणत राहिली. मी जागेवर जाऊन बसलो आणि कुणाला काही बोललो नाही.

का बोललो नाही, हे खरं सांगतो. त्याच्या आदल्या आठवड्यात अप्पा स्नान करून गल्लीतून वर येत होते. शाळेपाशी थांबले, आत मुलं म्हणत होती ते उभ्याने ऐकलं, आणि घरी आल्यावर मला म्हणाले, “उच्चार बरे आहेत.” आयुष्यात त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. उलट्या पुस्तकासाठी मी ते परत करायला तयार नव्हतो.

त्याच हिवाळ्यात दिल्लीहून एक पाकीट आलं. देशभरातल्या निवडक प्राथमिक शाळांमध्ये मुलांना किती लिहिता-वाचता येतं हे पाहायचं ठरलं होतं आणि निवडक शाळांत आमची शाळा निघाली. हेडमास्तरांनी ‘निवडक’ हा शब्द वाचला आणि गल्लीत जिलेबी वाटली. मग पुढचं वाचलं.

पाकिटात एक सूचनापुस्तिका होती. तिच्यात तीन ठिकाणी ठळक लिहिलं होतं, की ही मुलांची परीक्षा नाही, कोणीही घाबरू नये.

“तीनदा लिहिलंय,” हेडमास्तर आकाशाकडे बघत म्हणाले, “म्हणजे नक्की परीक्षा आहे. आणि मुलांची नाही म्हणजे आपली आहे.”

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असंही होतं, की जिथे मुलांना वाचता येत नाही असं आढळेल, तिथे एक जादा शिक्षक मिळेल, गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी मिळेल, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी दुपारचा वेगळा वर्ग चालेल. मी ते हेडमास्तरांना दाखवलं.

“पेटी ठेवायची कुठे?” ते म्हणाले. “आणि पंडितजी, पेटी मिळवायची म्हणजे आधी आपण गाढव आहोत असं लिहून द्यायचं. माझी पेन्शन व्हायची आहे.”

मला उलटं पुस्तक आठवलं. या मुलीला पाचवी संपण्याआधी वाचायला यायचं असेल, तर ही पेटी आणि तो शिक्षक यांच्याशिवाय दुसरा रस्ता नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. माझ्याकडून ते होणार नाही, हेही कळलं. मी पुस्तिका मिटली.

तयारी सुरू झाली. शाळेची एक भिंत रंगवली, गल्लीकडची. मुलांना रोज तासभर ‘न घाबरण्याचा’ सराव दिला गेला, हेडमास्तर छडी टेबलावर आपटून विचारत, “डर लगता है?” आणि मुलं थरथरत ओरडत, “नहीं मास्साब!” चार उत्तरांतल्या एकाच उत्तराला गोल करायचा, हे शिकवायला तीन दिवस गेले. मुलं चारही उत्तरांना गोल करत. एका मुलाला विचारलं, तर म्हणाला, “इतनी दूर से भेजे हैं मास्साब, एक को छोड़ें तो बुरा लगेगा.”

मोठ्याने वाचून दाखवायला चौथीतली सहा मुलं निवडली जाणार होती. कशी निवडायची तेही पुस्तिकेत छापलं होतं: हजेरीपटावरचं दर पाचवं नाव. पक्षपात होऊ नये म्हणून केलेला नियम पक्षपात करणाऱ्यांना महिनाभर आधी छापून पाठवला होता. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला, पान थुंकून आले आणि रिकाम्या तोंडाने म्हणाले, “पंडितजी, जुना हजेरीपट उंदरांनी खाल्लाय असं नाही वाटत तुम्हाला?”

मला तसं वाटलं. मी दोन दुपारी बसून नवा हजेरीपट लिहिला. पाचवं, दहावं, पंधरावं, विसावं, पंचविसावं, तिसावं. या सहा जागांवर सहा उत्तम पाठक. पाचव्या जागेवर फुलवालीची मुलगी. जुलैपासूनची हजेरी दोन रंगांच्या शाईत भरली. माझं अक्षर कधी इतकं सुरेख आलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी लखनौहून एक तरुण बाई तपासणीला आल्या. खांद्याला पिशवी, गळ्यात दोरीने अडकवलेलं सेकंद मोजायचं घड्याळ. हेडमास्तरांनी कचोरी-जिलेबी मागवून ठेवली होती. त्यांनी फक्त पाणी घेतलं, तेव्हाच हेडमास्तरांचा धीर सुटला. लेखी भाग झाला. मग त्यांनी हजेरीपट उघडला आणि थोडा वेळ बघत राहिल्या.

“कुणी लिहिलाय? किती सुंदर आहे!”

मी लिहिलाय, असं मी म्हणालो. मला बरंही वाटलं. या गोष्टीबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

त्यांनी पाचवं नाव पुकारलं. मुलगी पुढे आली, दिल्लीहून आलेला छापील कागद तिने दोन्ही हातांत धरला. त्यावर एका विहिरीबद्दल दहा ओळी होत्या, कुठल्याच पुस्तकात नसलेल्या. बाईंनी घड्याळ दाबलं.

मुलीने मान वर केली आणि मधमाशीचा धडा सुरू केला.

काय आवाज होता! खोलीतली मुलं नकळत तिच्याबरोबर माना हलवू लागली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आपल्या हातातल्या प्रतीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मुलगी राणीमाशीपर्यंत आली. आमच्या पुस्तकात तिथे पान संपतं. तिने कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूवरून तिने पोळ्याची रचना, मधाचे गुण आणि धड्याखालचे चारही प्रश्न न अडखळता वाचले, आणि शेवटी “पृष्ठ सैंतालीस” म्हणून कागद परत दिला, कारण संथा देताना तेही मी म्हणालो होतो.

हेडमास्तर म्हणाले, “वाह.” सवयीने.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद सुलटा केला, दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, “बेटा, हे काय लिहिलंय?” शब्द होता ‘पानी’. मुलीने शब्दाकडे पाहिलंच नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती. संथा घेणारी मुलं तिकडेच बघतात. माझे ओठ मिटलेले होते.

“घबरा गई है,” हेडमास्तर म्हणाले. “दिल्लीचा कागद आहे ना, कडक.”

बाई मला घेऊन पडवीत आल्या. त्यांच्या तक्त्यात तीन चौकटी होत्या: वाचते, अडखळत वाचते, वाचता येत नाही. पेन्सिल हातात धरून त्या म्हणाल्या, “मास्साब, मी एका दिवसापुरती आलेली. तुम्ही तिला रोज शिकवता. तुम्हीच सांगा. घाबरली आहे, की येत नाही?”

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसणार होता. माझ्या आयुष्यात इतका सोपा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

“घाबरली आहे,” मी म्हणालो.

त्यांनी पहिल्या चौकटीत खूण केली. बाकीच्या पाच मुलांनाही कागद नवा म्हणून भीती वाटत असणार, तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीच्या पुस्तकातलं वाचावं, ही हेडमास्तरांची सूचना त्यांनी मान्य केली. त्यांना चारच्या गाडीने परतायचं होतं. पाचही मुलं गरजली.

बाई गेल्या. हेडमास्तरांनी कचोऱ्या मुलांत वाटल्या. मी जिन्याच्या पायरीवर अखबार उघडून बसलो. मुलगी हातात कचोरी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“मास्साब, त्या कागदात माझा धडा नव्हता का?”

“नव्हता.”

“मला वाटलंच. त्या बाई सारख्या बघत होत्या.” तिने कचोरीचा एक घास घेतला आणि माझ्या हातातल्या अखबाराकडे बोट केलं. “मास्साब, तुम्ही हा कधी पाठ करता?”

“काय?”

“अखबार. रोज नवा असतो ना. सकाळी उठून पाठ करता का? तुम्हाला संथा कोण देतं?”

मला हसू आलं. ती थट्टा करत नव्हती. चार वर्षं शाळेत येऊन तिचा असा समज झाला होता, की वाचणं म्हणजे आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं कागद धरून परत म्हणणं. कागदावरच्या काळ्या खुणांचा त्याच्याशी काही संबंध असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

त्या संध्याकाळी घरी मी अखबार तसाच धरून बसलो. बायको दोनदा चहा ठेवून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, “अहो, एकच पान एक घंटा झाला बघताय. कोण मेलं?”

“कोणी नाही. मी पाठ करतोय,” मी म्हणालो. ती माझ्या कपाळाला हात लावून बघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी मुलीला बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसवून शिकवू लागलो. हिवाळ्याचं ऊन, खडू, आणि दगडाची पायरी. तिच्यावर खडू फळ्यापेक्षा चांगला उमटे. मला वाटलं, महिन्याभरात होईल. मला माहीत नव्हतं की तिची स्मरणशक्ती माझ्याविरुद्ध उभी राहणार आहे. मी पाच शब्द लिहायचो आणि एकदा म्हणून दाखवायचो. ती पाचही म्हणायची. शब्दांची जागा बदलली की तोच जुना क्रम म्हणायची. सगळे पुसून रिकाम्या दगडावर बोट ठेवलं, तरी म्हणायची. वर माझ्याकडे बघून हसायची, शाबासकीसाठी. याच शाबासकीवर मी तिला जुलैपासून वाढवलं होतं.

मग मी म्हणून दाखवणं बंद केलं. रोज नवा कागद आणू लागलो: कचोरीची पुडी, औषधाचं वेष्टण, सिनेमाच्या जाहिरातीचा फाटका तुकडा. एका अक्षरावर बोट ठेवायचो आणि गप्प बसायचो. ती माझ्या ओठांकडे बघायची. मी तोंडापुढे उपरणं धरू लागलो. घाटावरचे लोक विचारत, “का गुरु, दाँत में दरद हौ?” हो म्हणायचो.

तीन महिने काही झालं नाही. मुलगी दुबळी झाली, म्हणजे मनाने. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी घाटावर सगळ्यात मठ्ठ ठरत होती आणि ते तिला कळत होतं. एकदा रडून म्हणाली, “तुम्ही एकदा म्हणा ना मास्साब, मी लगेच म्हणेन.” मी उपरण्याआड ओठ चावून बसलो.

मार्चमध्ये एका दुपारी आम्ही घाटावरून वर येत होतो. शाळेसमोरच्या भिंतीवर नगरपालिकेने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘यहाँ कूड़ा न फेंकें’, आणि त्याच्या बरोबर खाली गल्लीतला सगळा कचरा पडलेला असे. ती थांबली. बोट हवेत धरून ओठ हलवू लागली. “कू… ड़ा…” मग खाली कचऱ्याकडे पाहिलं, वर भिंतीकडे पाहिलं, पुन्हा खाली. तिचे डोळे मोठे झाले.

“मास्साब! दीवार को मालूम है!”

चार वर्षं ती त्या भिंतीसमोरून शाळेत येत होती. मी कचऱ्याच्या ढिगापाशी उभा राहून रडलो, आणि हलवायाने मला दातावर लवंग दिली.

यानंतर तिचं मधमाशीचं पठण बिघडलं. आता ती पुस्तकाकडे बघायची, आणि बघितलं की अडायची. “म… धु… म…” जिथे आधी नदी वाहत होती तिथे बैलगाडी चालू लागली. हेडमास्तरांनी पुन्हा दुकानदारांना बोलावलं आणि त्यांची फजिती झाली.

“पंडितजी, मुलगी बिघडवलीत तुम्ही,” ते म्हणाले. “कशी घोड्यासारखी पळत होती!”

अप्पांनीही गल्लीतून ऐकलं असावं. घरी म्हणाले, “ती मोठ्या आवाजाची पोर हल्ली अडखळते. काय झालं?”

मला वाटलं, गेलं ते एक कौतुक. मी सगळं सांगून टाकलं. संथा, उलटं पुस्तक, कोरा कागद, सगळं. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांनी विचारलं, “कसला धडा म्हणालास?”

“मधमाशीचा.”

“अरे, मधमाशीचा धडा काय वेद आहे?” ते म्हणाले. “त्याची कशाला संथा दिलीस? तो बघून वाचला असता तरी मधमाशीला चाललं असतं.” आणि बराच वेळ हसत राहिले. अप्पांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात निकाल आला. आमची शाळा ‘उत्तम’ ठरली. हेडमास्तरांना अभिनंदनाचं पत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पेटी आणि जादा शिक्षक राजघाटाकडच्या एका शाळेला गेले. तिथल्या मास्तरांनी बहुधा खरं सांगितलं होतं. माझ्या एका शब्दाने एकतीस मुलांची पेटी गेली. मुलगी धरून बत्तीस म्हणायला हवं, पण तिला मी घाटावर काहीतरी परत देत होतो. बाकीच्यांना नाही. सगळ्यांना शिकवायला घ्यायचं म्हणजे वर्गातली संथा उघडपणे बंद करायची, आणि ‘उत्तम’ शाळेत ती कशी बंद करणार? अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो, आणि त्यातली काही मुलं पाचवी पास होऊन गेली ती तशीच गेली. त्यांचे चेहरे मला अजून पाठ आहेत.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पाकीट आलं. उत्तम शाळा उत्तम राहिली आहे का ते त्याच, आता पाचवीत गेलेल्या मुलांकडून बघायचं होतं. हेडमास्तरांनी मला बोलावलं. उंदीर पुन्हा आले होते.

“पाचव्या जागेवर आता दुसरी मुलगी,” ते म्हणाले. “ती फुलवालीची नको. तिला त्या दिवशी सुट्टी द्या. आईबरोबर टोपली घेऊन बसेल, नाहीतरी मे महिन्यापासून तेच करायचंय.”

म्हणजे शाळेत वाचता येणारी एकुलती एक मुलगी लपवायची आणि न येणारी सहा दाखवायची. हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की क्षणभर मलाही सरळच वाटलं.

मी दोन दुपारी बसून हजेरीपट लिहिला. पाचव्या जागेवर तिचंच नाव लिहिलं. धैर्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं. बाकीच्या पाच जागांवर हेडमास्तरांनी सांगितलेलीच नावं लिहिली.

या वेळी एक प्रौढ गृहस्थ आले. त्यांनी कचोरीही खाल्ली. पाचवं नाव पुकारल्यावर हेडमास्तरांची हनुवटी खाली आली आणि पानाचा थेंब सदऱ्यावर पडला. मुलगी पुढे आली. कागद एका टपालवाल्याबद्दल होता. घड्याळ सुरू झालं. तिने कागदावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत निघाली. ‘डाकिया’ जमलं. ‘बरसात’ला थांबली, मागे गेली, जमवलं. एक शब्द चुकला. एकदाही माझ्या ओठांकडे बघितलं नाही. चार ओळी झाल्या आणि वेळ संपली.

गृहस्थांनी पेन्सिल उचलली. “घाबरली आहे का?” मला विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “तिला एवढंच येतं.”

त्यांनी दुसऱ्या चौकटीत खूण केली. बाकीच्या पाच जणांनी पुस्तकातलं म्हटलं आणि ते ‘वाचतात’ ठरले. त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय मी बोललो नाही. एवढाच मी सुधारलो होतो.

महिन्याभराने पत्र आलं. हेडमास्तरांनी ते माझ्यापुढे टाकलं, उत्तर काय द्यायचं ते तोंडी सांगितलं आणि पुढच्या खोलीत गेले. शाळा सुटली होती. मुलगी घाटावर जायच्या आशेने दाराशी उभी होती. माझ्या खांद्यावरून वाकून ती पत्र वाचायला लागली. आता ती जे दिसेल ते वाचत असे, थांबवणं शक्य नव्हतं.

“कक्षा पाँच की… एक छात्रा… पढ़ने में… कम… कमज़ोर… पाई गई.” तिला शब्द जमल्याचा आनंद झाला होता. “कोण मुलगी, मास्साब?”

“पुढे वाच,” मी म्हणालो.

“संबंधित अध्यापक… सात दिन में… स्पष्टी… स्पष्टीकरण दें.” ती दमली. “म्हणजे तुम्हाला काही पाठ करायचंय?”

“नाही. लिहायचंय.”

मी हेडमास्तरांनी सांगितलेलं उत्तर उतरवायला घेतलं. माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, की उक्त छात्रा उस दिन अस्वस्थ थी, म्हणजे आजारी होती. ती अजून तिथेच होती. बोट माझ्या ओळीखालून सरकत होतं, शाई वाळायच्या आत.

“उस दिन… अ… अस्वस्थ… थी.” ती थांबली. तिने ते मनात पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं; ओठांकडे नाही, डोळ्यांकडे.

“मास्साब, मैं तो ठीक थी.”

मागच्या वर्षी मी हे लिहिलं असतं तर तिला कळलं नसतं. मी ती ओळ खोडली. खोडलेलं उत्तर सरकारी कामात चालत नाही, कोरा कागद घ्यावा लागतो. कोरे कागद हेडमास्तरांच्या कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे.

“इथेच थांब,” मी तिला म्हणालो, आणि किल्ली मागायला उठलो.